परक्या पाड्यावर पिकणारी श्रद्धा

भुसावळहून मुक्ताईनगरच्या दिशेने निघाले की महामार्गालगत दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची उंच धुराडी दुरूनच नजरेत भरतात. त्याच दिशेने पुढे गेल्यावर कोथळी आणि मेहूण ही आदिशक्ती मुक्ताईची स्थाने लागतात. दरवर्षी ज्येष्ठ महिन्यात मुक्ताईची पालखी कोथळीहून प्रस्थान ठेवते आणि महिनाभराहून अधिक काळ पायी वाटचाल करून आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. पालखीत चालणारा शेतकरी, विणेकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली, ही सारी मंडळी कशासाठी चालतात? श्रद्धा वाढावी, यासाठीच. परंतु वाटेवरच्या एखाद्या गावाने आपला देव टाकून द्यावा, या हेतूने एकही वारकरी घराबाहेर पाऊल टाकत नाही. वाटेत जो भेटेल त्याच्या पाया पडायचे आणि पुढे चालू लागायचे, एवढेच वारीचे शास्त्र आहे.

श्रद्धा वाढविण्यासाठी निघणारी आणखी एक यात्रा जगात चालते. अमेरिकेतील चर्चमधून तरुण-तरुणींचे गट सुटीच्या दिवसांत आठवडा-दोन आठवड्यांसाठी परदेशी पाठविले जातात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांच्या अभ्यासानुसार २००० च्या दशकात एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख लोक अशा प्रवासाला जात होते. कुणी शाळेची भिंत रंगवितो, कुणी मुलांना गाणी शिकवितो, कुणी औषधे वाटतो आणि सर्वजण प्रार्थना करवितात. परतल्यावर चर्चमध्ये उभे राहून साक्ष द्यायची असते. तिचे सार बहुधा एकच असते. तेथील गरिबांचे हसरे चेहरे पाहिले आणि आपला विश्वास दृढ झाला.

या तरुणांच्या भावनेच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विशी-बाविशीतील मुलाला परक्याच्या दुःखाने हेलावून जावेसे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न त्या भावनेचा नसून व्यवस्थेचा आहे. श्रद्धेचे हे पीक कुणाच्या शेतात काढले जाते? ज्याच्या दारिद्र्यावर ते पोसले जाते, त्याच्या पदरात शेवटी काय पडते? आणि त्याला कुणी विचारले होते काय?

खानदेशातील शंभर वर्षे

हे प्रश्न खानदेशाला परके नाहीत. १८९० मध्ये फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश-अमेरिकन प्रचारकाने स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी या मिशनची माणसे पश्चिम खानदेशात आली. तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग तेव्हा नुकताच पूर्ण झाला होता. धुळे, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यात भिल्ल आणि मावची समाजांत त्यांनी आपले कार्यक्षेत्र आखले. पुढे या संस्थेचे नाव दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन असे झाले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील रुग्णालय १९४२ चे. ते नंतर इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनकडे गेले.

या माणसांनी काहीच केले नाही, असे म्हणणे असत्य ठरेल. जिथे सरकारी डॉक्टर पोहोचत नव्हता तिथे त्यांनी दवाखाना थाटला, तापाने फणफणलेल्या मुलाला औषध दिले, अडलेल्या बाळंतिणीची सुटका केली. वेदनेतून सोडविणारा हात कोणत्याही पंथाचा असो, त्याला नमस्कारच केला पाहिजे. शिवाय ते दोन आठवड्यांसाठी आले नव्हते. अनेकांनी इथली भाषा शिकली आणि हयात इथे काढली. आजच्या सहलवजा मिशनपेक्षा ते तप निश्चितच मोठे होते.

तरीही एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. दवाखान्याची वाट प्रार्थनाघराच्या अंगणातून जात होती. ज्या घराने नवा पंथ स्वीकारला, त्याच्यासाठी होळीचा ढोल परका झाला, डोंगरावरचा देव 'सैतान' ठरला, एकाच पाड्यावरची भाऊबंदकी दुभंगली. सातपुड्यातील माणसाची होळी हा केवळ सण नसतो. पूर्वजांशी, जंगलाशी आणि शेजारच्या पाड्याशी असलेला तो वर्षानुवर्षांचा करार असतो. औषधाच्या बाटलीबरोबर हा करार मोडून मागण्याचा अधिकार कोणत्या करुणेला पोहोचतो? उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा स्वतंत्र बुद्धीचा निर्णय मानावयाचा काय?

खिडकी, यादी आणि सुगी

जुना मिशनरी निदान माणूस पाहत होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाची जागा नकाशाने घेतली. १९८९ मध्ये मनिला येथील लॉसान परिषदेत लुई बुश यांनी विषुववृत्ताच्या उत्तरेकडील १० ते ४० अंशांच्या पट्ट्याकडे सर्व शक्ती वळविण्याचे आवाहन केले. हीच ती 'टेन-फोर्टी विंडो'. खानदेश साधारण २१ अंशांवर येतो, म्हणजे बरोबर या खिडकीत. १९९५ मध्ये 'जोशुआ प्रोजेक्ट' सुरू झाला. भारतातील जाती-जमातींची एकेक करून नोंद, त्यांतील ख्रिस्ती लोकसंख्येची टक्केवारी आणि 'अद्याप न पोहोचलेले' असा शिक्का, हे त्याचे स्वरूप. जोशुआ, म्हणजे मराठी बायबलमधील यहोशवा, हा कनान देश जिंकून घेणारा सेनानी होता. सेवेच्या कामाला असे नाव का द्यावेसे वाटले, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१९९९ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन दिवाळीत, पोप जॉन पॉल दुसरे नवी दिल्लीत आले होते. पहिल्या सहस्रकात युरोपात, दुसऱ्यात अमेरिका व आफ्रिकेत क्रूस रोवला गेला. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेची मोठी सुगी व्हावी, असा आशय त्यांच्या त्या वेळच्या दस्तऐवजात स्पष्ट शब्दांत नोंदलेला आहे. पाहुण्याने यजमानाच्या ओसरीवर बसून त्याच्याच शेताच्या कापणीचा बेत सांगावा, तशातला हा प्रकार. त्यावर आक्षेप घेणाऱ्यांना मात्र त्या काळी 'असहिष्णु' ठरविण्यात आले.

घराची किंमत तीस हजार डॉलर

या यात्रांचा व्यावहारिक हिशेबही पाहण्यासारखा आहे, आणि तो मांडला आहे ख्रिस्ती अभ्यासकांनीच. १९९८ मध्ये होंडुरास देशात 'मिच' या चक्रीवादळाने हाहाकार उडविला. घरे बांधून देण्यासाठी उत्तर अमेरिकेतून मिशनचे गट धावले. कॅल्व्हिन या ख्रिस्ती महाविद्यालयाचे प्राध्यापक कर्ट व्हेर बीक यांनी त्याचा अभ्यास केला. तेथील स्थानिक लोक सुमारे दोन हजार डॉलरमध्ये जे घर उभे करत होते, तेच घर पाहुण्यांच्या प्रवासखर्चासह सरासरी तीस हजार डॉलरला पडत होते. एका घराच्या खर्चात पंधरा घरे झाली असती. पाहुण्यांनी येण्यापेक्षा त्या पैशांत अधिक घरे व्हावीत, असेच तेथील लोकांना वाटत होते. आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या श्रद्धावृद्धीचे काय? परतलेल्यांना आपण बदललो असे वाटत होते खरे. पण त्यांच्या दानधर्मात आणि आचरणात टिकाऊ फरक फारसा आढळला नाही.

त्याच्याही तीस वर्षे आधी, एप्रिल १९६८ मध्ये, इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने मेक्सिकोत सेवेसाठी निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सुनावले होते. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. पण मदत करायला येऊ नका, असे त्याचे म्हणणे होते. ज्यांची भाषाही येत नाही त्यांच्यावर आपला चांगुलपणा लादणे हा अहंकाराचाच एक प्रकार आहे, हे त्याने ओळखले होते. हीच गोष्ट एखादा हिंदू विचारवंत बोलला असता, तर त्याच्यावर संकुचितपणाचा आरोप झाला असता.

महाराष्ट्राने तर या उपकारबुद्धीचा अनुभव दोन थोर ख्रिस्ती व्यक्तींच्या चरित्रांतूनच घेतला आहे. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. मात्र तेथील भगिनींनी सांगितलेले प्रत्येक मत मुकाट्याने स्वीकारण्यास त्या स्वाभिमानी विदुषीने नकार दिला. त्यांचा पत्रव्यवहार त्याला साक्ष आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. मिशनच्या पगारी चाकरीत आयुष्य घालविल्यावर १९१७ मध्ये त्यांनी ती सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. ख्रिस्ताला मानायचे, पण परक्या मिशनची ताबेदारी नको, हा त्यांचा निर्णय होता. ज्यांनी तो पंथ मनःपूर्वक स्वीकारला त्यांनाही जे जोखड वाटले, ते सातपुड्यातील अर्धपोटी माणसाला मुक्ती कसे वाटावे?

सेंटिनेल बेटावरील धडा

या वृत्तीचे टोक भारताने २०१८ मध्ये पाहिले. जॉन अ‍ॅलन चाऊ हा २६ वर्षांचा अमेरिकी तरुण अंदमानात आला तो पर्यटक म्हणून. 'ऑल नेशन्स' या संस्थेत त्याने मिशनचे प्रशिक्षण घेतले होते. उत्तर सेंटिनेल बेटाच्या जवळ जाण्यास कायद्याने बंदी आहे. बाहेरच्या साध्या आजाराशी लढण्याची शक्तीही त्या लोकांच्या शरीरात नसावी, म्हणून १९५६ पासून तेथील आदिम जमातींना कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. चाऊने मच्छीमारांना पैसे देऊन रात्री बेट गाठले. नोव्हेंबरच्या मध्यास तेथील रहिवाशांच्या हातून त्याचा अंत झाला.

एका तरुणाचा मृत्यू दुःखदच. त्याच्या आईवडिलांचे दुःख हे कुणाच्याही टवाळीचा विषय होऊ नये. परंतु त्याच्या मृत्यूनंतर त्याला हुतात्मा म्हणणाऱ्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. त्याच्या अंगावरील एखाद्या जंतूने ती संपूर्ण जमात नष्ट झाली असती, तर त्या हौतात्म्याचा हिशेब कुणी दिला असता? त्याला नेणारे गरीब मच्छीमार अटकेत गेले. त्यांच्या संसाराचा विचार कोणत्या प्रार्थनेत झाला? एकाची श्रद्धा परमोच्च बिंदूला पोहोचावी म्हणून दुसऱ्याचे अस्तित्वच पणाला लावण्याचा हा व्यवहार आहे.

कायदा स्पष्ट आहे

'राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे', हा युक्तिवाद वारंवार ऐकविला जातो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच दिले आहे. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. त्याच्या कितीतरी आधी, १९५४ मध्ये, तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, अशी शिफारस तिने १९५६ मध्ये केली. नियोगी अहवाल आजही कपाटात धूळ खात आहे.

पर्यटक म्हणून घेतलेल्या व्हिसावर धर्मप्रसार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा आहे. २०२१ च्या अधिसूचनेने परदेशस्थ भारतीय कार्डधारकांनाही मिशनरी वा तबलिगी कामासाठी वेगळी परवानगी आवश्यक केली. नियम सर्व पंथांना सारखाच आहे. गांधीजींनीही १९३५ मध्ये 'हरिजन'मध्ये लिहिले होते की, आपल्या हाती सत्ता आणि कायदे करण्याचा अधिकार असता तर आपण धर्मांतराचा सारा उद्योग बंद केला असता. गांधीजींचे नाव उठताबसता घेणाऱ्यांना हे लेखन सोयीस्करपणे आठवत नाही.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. धर्मांतराचा प्रतिकार म्हणजे माणसावर हात उगारणे नव्हे. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातील मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन कोवळ्या मुलांना जिवंत जाळण्यात आले. ते कृत्य हिंदू धर्माला काळिमा फासणारे होते. वाद विचाराशी आहे आणि त्याची साधने कायदा, प्रबोधन व सेवा हीच आहेत. गावित किंवा वळवी आडनावाचा ख्रिस्ती झालेला माणूस शत्रू नाही. तो याच मातीतील भाऊ आहे.

आरशात पाहण्याची वेळ

आणि या भावाकडे हिंदू समाजाने आजवर किती लक्ष दिले? मिशनऱ्यांवर टीका करणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के जनजातीय लोकसंख्येचा आहे. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ ही नावे शहरी माणसाच्या कानावर पडतात ती कुपोषणाच्या बातमीतच. स्वामी विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोत ख्रिस्ती श्रोत्यांना ठणकावले होते की भारताला धर्माची उणीव नाही, उणीव आहे ती भाकरीची. ते खडे बोल परक्यांसाठी होते तितकेच घरच्यांसाठीही होते. भाकरी घेऊन जायला घरचे कुणी निघाले नाही, म्हणून परका निघाला.

परंतु जे निघाले त्यांचा इतिहासही विसरता कामा नये. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज नावाचा भिल्ल संत उभा राहिला. त्याच्यापाशी डॉलर नव्हते, छापील पुस्तके नव्हती. आरतीसाठी हजारो माणसे जमू लागली. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्या, एवढाच त्याचा उपदेश. ज्या भिल्लाला सावकार आणि अंमलदार अरेतुरे करत, त्याला कुणीतरी 'आप' म्हणाले, ते त्याच्याच समाजातील एका माणसाने! १९३८ मध्ये गुलाम महाराजांचे निधन झाले. बंधू रामदास महाराजांनी ते कार्य पुढे नेले. सातपुड्याच्या उद्धारासाठी सातपुड्याचा देव बदलावा लागत नाही, हे त्या एका चळवळीने सिद्ध केले.

बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूर येथे वनवासी कल्याण आश्रमाची मुहूर्तमेढ रोवली. सदाशिव गोविंद कात्रे यांना कुष्ठरोग जडला. मिशनच्या रुग्णालयात उपचार घेत असता तेथील धर्मांतराने ते व्यथित झाले आणि १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा राहिला. स्वतः रोगी असलेला माणूस रोग्यांचा आधार झाला. अमरावती जिल्ह्यातून गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी उरलेले आयुष्य त्या रुग्णांसाठी वाहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांनी देह ठेवला. नंदुरबारमध्ये डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन काम करते. कुणाला देव विचारला जात नाही.

सेवेची कसोटी साधी आहे. समोरचा आपल्या देवाशी आयुष्यभर एकनिष्ठ राहणार आहे, हे आधीच ठाऊक असूनही जो हात पुढे होतो, ती सेवा. तो हात जर तेव्हा आखडता घेतला जाणार असेल, तर तो व्यवहार आहे. ही कसोटी मिशनला जशी लावायची, तशीच ती हिंदू संस्थांनाही लावली पाहिजे. वर्षातून एकदा घोंगड्या वाटून छायाचित्र काढणारी सहल आणि चर्चची दोन आठवड्यांची यात्रा यांत फारसे अंतर नाही.

दीपनगरच्या वसाहतीत साऱ्या महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे राहत आली आहेत. तेथून निघणारी वीज राज्यभर जाते. जवळच्याच भुसावळ जंक्शनवर सुरतेकडे जाणारी गाडी लागते. ती अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत नवापूरला पोहोचते. शंभर वर्षांपूर्वी सातासमुद्रांपलीकडचा माणूस याच लोहमार्गाने या मुलखात शिरला. भुसावळ-जळगावच्या निवृत्त शिक्षकाला, अभियंत्याला, परिचारिकेला त्यासाठी ना व्हिसा लागतो, ना समुद्र ओलांडावा लागतो. हवी आहे ती तिथे जाऊन राहण्याची तयारी. मावची वा पावरी बोली शिकण्याची, होळीच्या रात्री त्यांच्या ढोलावर त्यांच्याबरोबर पाऊल टाकण्याची, आणि परत येताना कुणाचेही काही बदलून न आणण्याची. मुक्ताईच्या वाटेवर चालणाऱ्या समाजाला ही रीत नव्याने शिकवावी लागू नये. तिकीट काढायचे तेवढे राहिले आहे.